जुना क्रमांक, नवा क्रमांक

बुधवार, ५ मार्च २०२५

आज राखेचा बुधवार. लेंट सुरू झाला. चाळीस दिवस प्रत्येकानं काहीतरी सोडायचं असतं. उज्वलाताईंनी गोड सोडलं, पाळकसाहेबांनी चहा सोडून कॉफी धरली आणि पंचकमिटीनं गीतांचं पुस्तक सोडलं.

चर्चच्या भिंतीवर स्क्रीन बसला आहे. ईस्टरपर्यंत शंभर गीतं टाइप करून त्यावर चढवायची आणि पुस्तकं कपाटात ठेवायची, असा ठराव झाला. टाइप कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा सगळे एकदम माझ्याकडे वळले. सूचनाफलकावरचे ऱ्हस्व-दीर्घ मी गुपचूप दुरुस्त करतो, ते काही गुपित नव्हतं असं दिसतं. मी बारावी नापास आहे. शिक्षण अर्धवट राहिलेल्या माणसाला शुद्धलेखन तरी पुरं यायला हवं, एवढाच माझा हेतू.

शंभर गीतं निवडायची पद्धत शास्त्रीय असावी, असं पाळकसाहेबांचं मत. कुठल्याशा शिबिरातून ते एक फॉर्म घेऊन आले आहेत. मथळा आहे, ‘गीतांद्वारे वैयक्तिक विश्वास व उपासना यांची वाढ’. मंडळीतल्या एकसष्ट घरी जाऊन मी तो भरून आणायचा. रकाने चार: गीत क्रमांक. कोणत्या प्रसंगी गायले. विश्वासात वाढ झाली का (होय / नाही / काही प्रमाणात). शेरा.

मी अंबडला एका कारखान्यात तपासणीला आहे. आमच्याकडे गेज असतो. तुकडा त्यातून गेला तर पास, नाही गेला तर नापास. ‘काही प्रमाणात’ गेलेला तुकडा आम्ही भंगारात टाकतो. हे मी पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “शांतवन, बाळा, माणसं म्हणजे नट-बोल्ट नव्हेत.” मग त्यांना फॉर्म कशाला लागतो, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

रविवार, ९ मार्च

स्क्रीनचा पहिला रविवार. उज्वलाताईंनी की-बोर्डवर एक कोरस घेतला. त्यात एकच ओळ आहे आणि ती अकरा वेळा म्हणायची असते. ऑपरेटरच्या दृष्टीनं फार सोयीचं गीत.

ऑपरेटरची खुर्ची मागच्या खांबाजवळ आहे. कुणी माझं तोंड पाहू शकत नाही. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो: मी जवळजवळ दोन वर्षं चर्चमध्ये गात नाही. फक्त ओठ हलवतो. इतके बिनचूक हलवतो की शेजारच्या बाकावरच्या बाईंनी माझ्या आवाजाची एकदा स्तुतीही केली. आता ओठही हलवावे लागणार नाहीत. ऑपरेटर कामात असतो.

कारणही एकदाच लिहितो.

ऑगस्ट २०२३ मध्ये आई अतिदक्षता विभागात होती. घशात नळी, बोलता येत नव्हतं. आत एकालाच सोडत, म्हणून पप्पा बाहेर बाकड्यावर आणि मी आत. तिनं माझा तळहात ओढून घेतला आणि बोटानं त्यावर लिहिलं. एक. आठ. सात. गीताचा क्रमांक, हे मला लगेच कळलं. आमच्यात जुनी माणसं गीताचं नाव घेत नाहीत, आकडा सांगतात. पिशवीत पुस्तक होतं. मी १८७ काढलं आणि वाचायला लागलो.

‘जागा हो, पाप्या, घटका भरली,
तराजू घेऊन न्यायी आला.’

आईनं मान हलवली. डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. मी चारही कडवी वाचली. अर्धवट काम मला जमत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

म्हणजे माझी आई, जिनं आयुष्यात कुणाची वाटीसुद्धा ठेवून घेतली नाही, ती न्यायाच्या भीतीनं गेली. पप्पांनी विचारलं, “काही म्हणाली का रे?” मी “नाही” म्हणालो. त्यांना हे ऐकवायचं कशाला? तिचं पुस्तक पेटीत तिच्या हाताखाली ठेवलं आणि सगळं तिच्याबरोबर मातीत गेलं. त्यानंतर पप्पांनी ढोलकी माळ्यावर टाकली आणि चर्चला येणं बंद केलं. माझं गाणं बंद झालं. ज्या देवाला भिऊन ती गेली त्याला चाल लावून काय सांगायचं, हे मला सुचत नाही.

शनिवार, १५ मार्च

आजवर एकोणतीस घरं झाली. विश्वासाची वाढ जोरात आहे.

एक काका म्हणाले, “जे लवकर संपतं ते लिही.” एका बाईंनी सतरा गीतं सांगितली आणि प्रत्येकापुढं ‘होय’; सतरा वेळा वाढल्यावर त्यांचा विश्वास आता छताला टेकला असावा. कमिटीच्या एका सभासदांनी आधी विचारलं, “पाळकसाहेबांनी कोणतं लिहिलंय?” आणि तेच लिहिलं. उज्वलाताईंच्या मते जुनी गीतं ‘हेवी’ आहेत, तरुणांचा मूड जातो.

संध्याकाळी जयराम मास्तरांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढं, शाळेत गणित शिकवायचे. मलाही शिकवायचा प्रयत्न त्यांनी केला होता. आता अंथरुणाला खिळले आहेत. त्यांची मुलगी रूपाली सेवा करते. मास्तरांनी विचार न करता सांगितलं, “दोनशे चौदा.”

“प्रसंग?”

“अजून यायचाय. माझ्या अंत्यविधीला लाव. विसरशील, लिहून घे.”

घरी येऊन पाहिलं तर २१४ हे लग्नाचं गीत. थोडा वेळ घाबरलो. पण मास्तर आकड्यात चुकत नाहीत. त्यांची बायको जाऊन अकरा वर्षं झाली. माणूस मरताना लग्नाचं गीत मागतो, यात खोल अर्थ आहे. शेऱ्यात लिहिलं: ‘अर्थ खोल आहे.’

शुक्रवार, २१ मार्च

नवसाबाईंचा फॉर्म भरायला तीन चकरा झाल्या. चर्चच्या मागच्या खोलीत एकट्या राहतात. मूळच्या घोटीकडच्या. नवस करून झाल्या म्हणून आजीनं हे नाव ठेवलं. पुढं घर ख्रिस्ती झालं, नाव तसंच राहिलं. तीस वर्षं त्यांनी चर्च झाडलं आणि वेदीजवळच्या लाकडी फळीवर गीतांचे आकडे लावले. अक्षरं त्यांना येत नाहीत, आकडे येतात. स्क्रीन आल्यावर ती फळी काढून त्यांच्याच खोलीत नेऊन ठेवली आहे. त्या तिच्यावर पापड वाळवतात.

मी विचारलं, “आजी, कोणत्या गीतानं विश्वास वाढला?”

“आरं, इस्वास काय पीठ हाय, फुगाया?”

“एखादं आवडतं सांगा मग.”

“समदी. चारशे हायेत ना?”

“नव्या पुस्तकात चारशे सोळा आहेत.”

“तुमच्या नव्यात काय बी आसंल,” असं म्हणून त्या पापड उलटायला गेल्या. फॉर्मवर मी ‘माहिती देण्यास असमर्थ’ असं लिहिलं.

रविवार, २३ मार्च

साठ घरं झाली. एकसष्टावं आमचं.

पप्पा जेलरोडच्या आमच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. ते नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले. आयुष्यभर छापलेल्या कागदावरचे आकडे सरळ आहेत ना, एवढंच पाहिलं. मी फॉर्म पुढं केला. त्यांनी तो वाचला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “आपल्या घरचं कोरं दे.”

“कोरं चालत नाही.”

“मग तू भर. तू जातोस.”

मी काय भरू? आईचं १८७ मी लिहिणार नाही. दुसरं एक आठवतं, पण ते गीत नव्हे. भाकरी थापताना ती काहीतरी गुणगुणायची: ‘ये प्रभू, ये, आमुच्या दारी, घर लहान, जागा आहे.’ पुस्तकात नाही ते. मी पूर्ण अनुक्रमणिका तपासली आहे. तिनंच जुळवलेलं असणार. क्रमांक नाही म्हणजे फॉर्मात बसत नाही.

कोराच ठेवला आहे.

शुक्रवार, २८ मार्च

काल जयराम मास्तर प्रभूत निजले. आज दुपारी चर्चमध्ये अंत्यविधी झाला. कारखान्यातून अर्धी सुट्टी घेतली होती. घेतली नसती तर बरं झालं असतं.

मी कालच पाळकसाहेबांना मास्तरांची इच्छा सांगितली होती. ते फार प्रभावित झाले. “ख्रिस्त वर, मंडळी वधू! मास्तर किती पुढचा विचार करत होते!” त्यांनी प्रवचनच त्यावर बसवलं. स्क्रीनवर प्रत्येक प्रकारच्या गीताला मी वेगळी पार्श्वभूमी दिली आहे. अंत्यविधीला ढग, कापणीच्या सणाला कणसं, विवाहाला गुलाब.

पाळकसाहेबांनी जाहीर केलं, “आता मास्तरांचं आवडतं, गीत क्रमांक दोनशे चौदा.” मी बटण दाबलं. शवपेटीच्या वर, आठ फूट बाय सहा फुटांत गुलाब उमलले.

‘सजली वधू, आला वर दारी,
आज आनंद मावेना.’

कुणीच गायलं नाही. रूपालीनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उज्वलाताईंचे हात की-बोर्डवर तसेच राहिले. मागून कुणीतरी हसू दाबलं, तेही धड दाबता आलं नाही. पाळकसाहेब खोल अर्थ समजावायला तोंड उघडणार, एवढ्यात पहिल्या बाकावरून नवसाबाईंचा आवाज आला. त्यांना स्क्रीन वाचता येत नाही. त्यांनी फक्त आकडा ऐकला होता.

‘पैलतीरी दिवा दिसतो,
नाव माझी लाव, देवा.’

दुसऱ्या ओळीला सगळी म्हातारी माणसं उठून उभी राहिली. पुस्तक नाही, की-बोर्ड नाही. चार कडवी पाठ. रूपाली रडत रडत गात होती. मास्तरांनी तिला हेच शिकवलं असावं. वर गुलाब तसेच. मला स्क्रीन बंद करायचंही सुचलं नाही, आणि ओठ हलवायचंही.

शनिवार, २९ मार्च

पाळकसाहेबांनी बोलावून सांगितलं, “चूक माणसाकडूनच होते, शांतवन.” ते माणूस म्हणाले ते मला उद्देशून. वर-वधूचं प्रवचन स्वतः त्यांनी बसवलं होतं, हे त्यांना आठवत नसावं.

मग नवसाबाईंकडे गेलो.

“आजी, दोनशे चौदा तर लग्नाचं आहे.”

“कुनाचं लगीन? दोनशे चौदा मरनाचं हाय. म्या सोता लावलंय फळीवर. निदान दोनशे मयतांना.”

त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. फडक्यात गुंडाळलेलं लाल पुस्तक काढलं. बाहेरून अगदी आमच्यासारखंच. नवऱ्याचं, म्हणाल्या. उघडलं तर १९७० च्या आसपासची आवृत्ती. २१४ काढलं: ‘पैलतीरी दिवा दिसतो’.

नवी आवृत्ती आली तेव्हा मी संडेस्कूलला होतो. काही गीतं गाळली, काही वाढवली, आणि सगळ्यांचे क्रमांक हलले. चर्चमध्ये सगळे नव्या क्रमांकानं पानं उघडतात; घरी, आजारात, मयतीला जुनी माणसं जुनाच आकडा सांगतात. नवसाबाईंनी तर नवा शिकलाच नाही. “नवं पुस्तक आलं नि माझं गुडघं गेलं. येकाच वर्षी. मंग फळी दुसऱ्यानं लावली.”

म्हणजे साठ फॉर्मांपैकी जेवढे वयस्कांचे, तेवढे खोटे. नवसाबाईंचं पुस्तक मागून आणलं आणि घरी येऊन तपासले. तेवीस निघाले. एका आजोबांचा विश्वास, माझ्या नोंदीप्रमाणे, बालकाच्या समर्पणाच्या गीतानं वाढला आहे. एका विधवा बाईंचा, पेरणीच्या. मी दोन्हींपुढं ‘अर्थ खोल आहे’ असं लिहिलं होतं. माझ्या खोलीची मला लाज वाटली.

गुरुवार, १० एप्रिल

दहा दिवस तक्ता बनवतो आहे. डावीकडे नवा क्रमांक, उजवीकडे जुना. नव्या पुस्तकातलं पहिलं गीत घ्यायचं, त्याची पहिली ओळ जुन्याच्या अनुक्रमणिकेत शोधायची, तिथला आकडा लिहायचा. तेवीस फॉर्म दुरुस्त झाले. त्या विधवा बाईंचं खरं गीत एकटेपणाचं होतं. ‘अर्थ खोल आहे’ खोडलं. खोल वगैरे काही नाही, सरळ आहे.

नव्या १८७ ची ओळ तेवढी रिकामी ठेवली. ते गीत मला माहीत आहे. पाहायची गरज नाही.

रविवार, १३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार

उपासनेनंतर नवसाबाईंना पुस्तक परत दिलं आणि तक्ता दाखवला. आता जुन्या क्रमांकांप्रमाणे लावला होता, म्हणजे त्यांना आकडे वाचता यावेत. हातातली झावळी बाजूला ठेवून त्यांनी बोट फिरवायला सुरुवात केली. मला वाटलं, कौतुक करतील.

“बेचाळीस नाय.”

“ते नव्या पुस्तकात घेतलं नाही, आजी. मी फक्त नव्यातली घेतली.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बेचाळीसची पहिली ओळ गायली. बोट पुढं गेलं. “एकोणऐंशी नाय.” त्याचीही ओळ गायली. हजेरीला गैरहजर मुलांची नावं घ्यावीत तशी एकेक गाळलेली घेत चालल्या. मी घड्याळ पाहत होतो. ईस्टरला आठवडाच उरला, काही गीतं अजून टाइप व्हायची आहेत, असलं काहीतरी डोक्यात.

“एकशे सत्याऐंशी नाय.”

“ते आहे, आजी,” मी म्हणालो. “नव्यातही एकशे सत्याऐंशी आहे. न्यायाचं.”

“न्यायाचं? आरं येड्या, घराचं. कुनी नवं घर बांधलं का हेच. तुमच्या जेलरोडच्या खोलीत, तू पोटात व्हता, तुज्या बापानं ढोलकी फोडली व्हती हे वाजवून.” आणि त्यांनी गायलं:

‘ये प्रभू, ये, आमुच्या दारी,
घर लहान, जागा आहे.’

पुढं त्या काय म्हणाल्या ते मला सांगता येणार नाही. मी झावळी आणि तक्ता दोन्ही तिथंच विसरून आलो.

सोमवार, १४ एप्रिल

आज सुट्टी. आज पप्पांना सांगणार होतो. त्यांनी कपाट आवरायला काढलं.

मंगळवार, १५ एप्रिल

कारखान्यात पास झालेले अकरा तुकडे मी नापासच्या ट्रेमध्ये टाकले. सुपरवायझर म्हणाले, “लग्नबिग्न ठरलं काय?” त्यांना काय सांगणार, लग्नाचं गीत वेगळं होतं म्हणून.

संध्याकाळी पप्पांना सांगणार होतो. वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं. ते भाजी आणायला गेले.

बुधवार, १६ एप्रिल

वाक्यात एक शब्द बदलला. ‘मागितलं’ ऐवजी ‘विचारलं’. मग परत ‘मागितलं’ केलं.

शुक्रवार, १८ एप्रिल. उत्तम शुक्रवार

बारा ते तीन उपासना. येशूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांवर सात जण बोलले. सातव्यानं पहिल्या सहांचंही सांगितलं. घरी आलो तर पप्पा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. कागद खिशातून काढला नाही.

“पप्पा, आईनं शेवटी एक गीत मागितलं होतं.”

पेपर तसाच राहिला. “कधी?”

“आदल्या दिवशी. हातावर आकडा काढला. एक, आठ, सात.”

मी पुढं सांगितलं. पिशवीतलं पुस्तक, नवी आवृत्ती, पहिली ओळ.

“नव्यात एकशे सत्याऐंशी हे आहे?”

“हो.”

“आणि तू तिला ते वाचून दाखवलंस. तराजू घेऊन.”

“हो.”

“किती?”

“चारही कडवी.”

पप्पांनी पेपर तोंडावर धरला. खांदे हलायला लागले. मी पाणी आणायला उठलो, तर ते हसत होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग हसता हसता ते दुसरंही झालं. मी पाण्याचा तांब्या धरून तसाच उभा.

“अरे, तुझी आई न्यायाला भ्यायची?” ते म्हणाले. “कमिटी तिला भ्यायची.”

“मग तिनं मान का हलवली?”

“हे नव्हे, हे नव्हे, म्हणत असेल. दुसरं काय म्हणणार? पण तू एकदा सुरू झालास की थांबतोस होय?”

“डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.”

“त्याचं मला नाही सांगता येणार,” ते म्हणाले. “आणि हे तू दोन वर्षं पोटात घेऊन बसलास?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

“मी विचारलं, काही म्हणाली का. तू म्हणालास, नाही.” त्यांनी पेपरची घडी घातली, ती उलटी पडली, पुन्हा घातली. “मला वाटायचं, जाताना तिला माझी आठवणसुद्धा झाली नाही.”

मला वाटत होतं की मी त्यांना वाचवत होतो.

मग त्यांनी स्टूल मागितलं आणि माळ्यावरून ढोलकी काढली. पुडी सैल झाली होती, एका बाजूला उंदरानं दोरी कुरतडली होती. “घट्ट धर,” म्हणाले. मी धरली. त्यांनी दोरी ओढली. अंधार पडेपर्यंत आम्ही एवढंच केलं.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर

सकाळी शंभर गीतांचं उद्घाटन झालं. मी पाळकसाहेबांना एकशे एकावं गीत घ्यायची विनंती केली. ते म्हणाले, “भावना समजते, पण ते अधिकृत आवृत्तीत नाही.” येशू उठला तेव्हा शिष्यांनीही आधी असंच काहीतरी म्हटलं असावं.

म्हणून दुपारी घरीच प्रार्थना ठेवली. पप्पांनी स्वतः जाऊन बोलावणी केली. दोन वर्षं न आलेला माणूस दारात आला म्हणून कुणाला नाही म्हणता आलं नाही. आमच्या दोन खोल्यांत बावीस माणसं. उज्वलाताई आल्या, की-बोर्डला जागा नव्हती म्हणून मोकळ्या हातानं. त्यांनी विचारलं, “स्केल कोणती घेऊ या?” पप्पा म्हणाले, “घराची.” नवसाबाई पलंगावर, रूपाली खाली. पाळकसाहेब उशिरा आले आणि चपला काढायलाही जागा नाही म्हणून उंबऱ्यातच थांबले.

पप्पांनी ठेका धरला. नवसाबाईंनी उचललं: ‘ये प्रभू, ये, आमुच्या दारी, घर लहान, जागा आहे.’ जागा आहे म्हटल्यावर आतल्या लोकांना सरकावंच लागलं. पाळकसाहेब आत आले.

मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. स्क्रीन नव्हता, खांब नव्हता, आणि समोर नवसाबाई माझ्या ओठांकडे टक लावून बघत होत्या. मी गायलो. दोन वर्षं न वापरलेला नळ उघडल्यासारखा आवाज आला. आधी नुसता गंज.

“आरं हळू,” नवसाबाई म्हणाल्या. “देव बहिरा नाय.”

तीन कडवी झाली. चौथ्याला नवसाबाई अडल्या. “ह्ये नाय आठवत,” म्हणाल्या. जुनं पुस्तक मांडीवर होतं, पण त्यांना वाचता येत नाही आणि ते उघडायचं कुणाला सुचलं नाही. लोकांचे डोळे कोपऱ्यातल्या खाण्याच्या डब्यांकडे वळले. ढोलकी मात्र थांबली नव्हती. पप्पा माझ्याकडे पाहत नव्हते, पण ठेका माझ्यासाठी चालू होता, हे मला कळत होतं.

चौथं मला येत होतं. भाकऱ्या झाल्या की आई गॅस बंद करताना तेच म्हणायची. मी एकट्यानं म्हटलं.

‘घर हे सोडू, येऊ तुझ्या घरी,
थोर तुझे, जागा आहे.’

माणसं गेल्यावर आमचा कोरा फॉर्म काढला. पप्पांना विचारलं, होय, नाही की काही प्रमाणात. ते भांडी धूत होते. म्हणाले, “सम चुकलास दोनदा.” तो रकाना मी तसाच सोडला. बाकीचे भरले.

गीत क्रमांक: १८७ (जुना).
प्रसंग: आईनं मागितलं.
शेरा: चारही कडवी म्हटली.